हुकलेल्या नावांची यादी: फिलाडेल्फियाचा चाहता ड्राफ्टवरून एवढा का भांडतो

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेत फुटबॉलचा एकही सामना नसतो, तरी फुटबॉलवरून सर्वांत कडाक्याची भांडणं याच दिवसांत होतात. कारण ड्राफ्ट. फुटबॉल म्हणजे अर्थातच त्यांचा, लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा. 'एनएफएल'चे ३२ संघ तीन दिवस बसून कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू वाटून घेतात. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे, तिथं ज्याच्या थैलीत पैसा उरलाय तो बोली वाढवतो. इथं बोलीच नाही. गेल्या मोसमात जो सर्वांत वाईट हरला त्याचा नंबर पहिला, जो जिंकला त्याचा शेवटचा, अशा सात फेऱ्या. पुकारल्या गेलेल्या खेळाडूला कुठल्या गावी जायला आवडेल, हे कोणी विचारत नाही.

ही पद्धत जन्मली फिलाडेल्फियात आणि तिच्यावरून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे चाहतेही तिथलेच. याला योगायोग म्हणता येईल. मला तो तसा वाटत नाही.

बर्ट बेल हे फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक. १९३३मध्ये सुरू झालेला हा संघ सतत हरायचा. त्या काळी कॉलेजचा चांगला खेळाडू मोकळा बाजारात यायचा आणि नाव असलेल्या संघांकडे, म्हणजे शिकागो बेअर्स नाहीतर न्यूयॉर्क जायंट्सकडे जायचा. मिनेसोटा विद्यापीठाचा स्टॅन कोस्टका हा धिप्पाड गडी आपल्याला मिळावा म्हणून बेल यांनी बराच आटापिटा केला, पण तो ब्रुकलिनच्या संघाला जाऊन मिळाला. त्यानंतर १९३५मध्ये बेल यांनी इतर मालकांपुढे प्रस्ताव ठेवला: नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडायचे आणि शेवटच्या नंबरच्या संघाला पहिली पाळी द्यायची. जायंट्सचे टिम मारा आणि बेअर्सचे जॉर्ज हालास हे दोघं तगडे मालक. त्यांनीही मान डोलावली. दुबळे संघ बुडाले तर सामने कोणाशी खेळायचे, हा विचार त्यात होता. एका खेळाडूशी एकच संघ बोलणार म्हटल्यावर पगारही आटोक्यात राहतो, हे मात्र समतेच्या गोष्टी सांगताना मालकमंडळी जरा हळू आवाजात सांगत.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ खेळाडू. भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं ९० नावं लिहिलेली. ईगल्स तळाशी असल्यानं पहिला मान त्यांचा. त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगरचं नाव घेतलं, लगेच त्याचे हक्क बेअर्सना देऊन आर्ट बस नावाचा खेळाडू घेतला आणि बर्वांगर या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणजे इतिहासातली पहिली निवड, त्या निवडीचा पहिला ट्रेड म्हणजे अदलाबदल आणि पहिला मुखभंग, तिन्ही एकाच नावावर. पुढच्या मोसमात ईगल्सनी बारापैकी अकरा सामने गमावले.

बेल पुढे लीगचे आयुक्त झाले. ११ ऑक्टोबर १९५९ रोजी फ्रँकलिन फील्डवर ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स यांचा सामना बघत असतानाच हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. दोन्ही संघांची मालकी कधी ना कधी त्यांच्याकडे होती, आणि तरुणपणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ते याच मैदानाच्या संघात खेळले होते.

पुढच्याच वर्षी, १९६०मध्ये, ईगल्स विजेते झाले. त्यानंतरची विजेतेपदासाठीची वाट ५७ मोसमांची. चाहत्याचा स्वभाव घडला तो या वाटेवर.

त्यातलं १९६८चं साल मुळातून समजून घेण्यासारखं आहे. प्रशिक्षक जो कुहारिच यांच्यावर शहर आधीच खवळलेलं होतं. १९६४मध्ये त्यांनी सॉनी जर्गेन्सन हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली रचणारा मुख्य खेळाडू, वॉशिंग्टनला देऊन बदल्यात नॉर्म स्नेड घेतला होता. जर्गेन्सन वॉशिंग्टनकडून असा खेळला की पुढं त्याला 'हॉल ऑफ फेम'मध्ये जागा मिळाली. स्नेडबद्दल फिलाडेल्फियात फार कोणी बोलत नाही. १९६८ उजाडलं तेव्हा 'जो मस्ट गो' असे बिल्ले छातीवर लावून लोक मैदानात येत होते. ईगल्स पहिले ११ सामने हरले. एरवी यावर शोक व्हायचा, पण त्या वर्षी कॉलेजात ओ. जे. सिम्पसन नावाचा, चेंडू घेऊन धावणारा खेळाडू होता आणि तळाच्या संघाला तो मिळणार होता. त्यामुळे चाहत्यांनी हरण्यातच आपला फायदा मोजला. आणि मग ईगल्सनी काय करावं? सलग दोन सामने जिंकले! बफेलोनं मोसमात एकच सामना जिंकला होता, पहिला नंबर त्यांचा लागला आणि सिम्पसन तिकडे गेला. ईगल्सच्या वाट्याला तिसरा नंबर आला. त्यांनी घेतलेला लेरॉय कीज सिम्पसनच्या जवळपासही पोचला नाही.

१५ डिसेंबर १९६८, शेवटचा सामना, मैदानावर बर्फ साचलेला. मध्यंतरात सांताक्लॉजच्या वेशातला एक माणूस मैदानात फिरला आणि प्रेक्षकांनी त्याला बर्फाच्या गोळ्यांनी झोडपलं. 'सांताला मारणारं शहर' हा शिक्का फिलाडेल्फियावर तेव्हापासून बसला आहे आणि दूरचित्रवाणीवरचे समालोचक अजून तो उगाळतात. बिचाऱ्या सांताचा काही गुन्हा नव्हता. पण त्याआधीच्या दोन विजयांनी लोकांचं काय गेलं होतं, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट सांगणं हा शहरावर अन्यायच.

हरणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या पद्धतीनं चाहत्याला पुढच्या वर्षाचा हिशेब करायला शिकवलं. आपली पुढची निवड विकता येते, तिला किंमत असते, हे मात्र १९८९मध्ये डॅलसनं सगळ्यांना दाखवून दिलं. डॅलस काउबॉइज म्हणजे फिलाडेल्फियाचं हाडवैर. सलग पाच सामने हरल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपला एकमेव तारा हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात पाच खेळाडू नि निवडींचा ढीग घेतला. लोकांनी खेळाडू मोजले. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचा डोळा निवडींवर होता. त्यांतूनच फिरवाफिरव करून एमिट स्मिथ आला आणि १९९२ ते १९९५ या चार मोसमांत तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातले विजय. याच संघात १९९१मध्ये माइक मॅकॉय या तेल-अभियंत्यानं एक तक्ता बनवला: पहिली निवड ३००० गुण, दुसरी २६००, तिसरी २२००, अशी उतरत जाणारी किंमत. रेल्वेचं भाडेपत्रकच म्हणा. आज ट्रेड झाला की चाहता असाच एखादा तक्ता काढून बेरीज-वजाबाकी करतो आणि आपला संघ किती गुणांनी लुटला गेला ते सांगतो. वॉकर फिरत फिरत १९९२मध्ये ईगल्सकडेच आला. बरा खेळला, पण सुपर बोल काही आला नाही.

१९९३मध्ये करार संपलेल्या खेळाडूंना मनाजोगा संघ निवडायची मोकळीक मिळाली आणि १९९४पासून सॅलरी कॅप आली, म्हणजे संघानं पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. तेव्हा ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५मध्ये २७ कोटी ९२ लाख. यामुळे वादाची भाषाच बदलली. पूर्वी 'याला काढा' एवढं म्हटलं की भागायचं. आता काढल्यावर 'डेड मनी' किती, हे माहीत असावं लागतं. खेळाडूला आगाऊ दिलेला बोनस हिशेबात करारभर विभागून मांडतात. मधेच त्याला सोडलं की उरलेले हप्ते अंगावर येतात. घर विकलं तरी कर्ज फेडत बसावं लागावं, तसं. ऑगस्टअखेर ९० जणांतून ५३ जणांचा रोस्टर, म्हणजे मोसमाचा संघ, ठरवताना कोणाचं नाव वाचलं नि कोणाचं गेलं, यामागं खेळाइतकाच हा हिशेब असतो.

१७ एप्रिल १९९९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ड्राफ्ट. एकूण दुसरी निवड ईगल्सची. फिलाडेल्फियाहून बसनं आलेल्या तीसेक चाहत्यांना चेंडू घेऊन धावणारा रिकी विल्यम्स हवा होता. स्थानिक रेडिओवर आठवडे न् आठवडे तोच घोष चालू होता आणि महापौर एड रेंडेल यांनीही त्यात सूर मिसळला होता. नाव पुकारलं गेलं डोनोव्हन मॅकनॅबचं. हा तरुण क्वार्टरबॅक आयुष्यातल्या मोठ्या क्षणी हसतमुखानं मंचावर येतो आणि त्याच्याच नव्या संघाचे लोक त्याची हुर्यो उडवतात. २०२४मध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याचं जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल, फक्त हार्दिकच्या मागं रोहितच्या कप्तानीचं दुखणं तरी होतं. मॅकनॅबचा दोष एवढाच की तो विल्यम्स नव्हता. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी त्या वर्षीच्या सगळ्या निवडी आणि पुढच्या वर्षीच्या दोन देऊन टाकल्या, १६पैकी १३ सामने गमावले आणि नोकरीही. मॅकनॅब ईगल्सना पाच वेळा कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यात घेऊन गेला आणि एकदा सुपर बोलपर्यंत.

तरी चाहत्यांचं नेहमीच चुकतं असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण मग २०२० येतं. करोनाचं वर्ष, ड्राफ्ट घराघरांतून. पहिल्या फेरीत २१वी निवड ईगल्सची. चेंडू झेलणारा जस्टिन जेफरसन शिल्लक होता आणि शहरातल्या पुष्कळांना तोच हवा होता. व्यवस्थापनानं घेतला जेलन रेगर. पुढच्याच निवडीत मिनेसोटानं जेफरसन उचलला, त्यानं पहिल्याच मोसमात १४०० यार्ड काढले. इथं चाहत्यांचं बरोबर होतं, शंभर टक्के.

दुसऱ्या दिवशी ५३व्या निवडीला ईगल्सनी जेलन हर्ट्स हा क्वार्टरबॅक घेतला आणि पुन्हा आगडोंब उसळला. कार्सन वेंट्झला जेमतेम वर्षभरापूर्वी १२ कोटी ८० लाख डॉलरचा वाढीव करार दिलेला असताना दुसरा क्वार्टरबॅक कशाला? तसं पाहिलं तर २०१८च्या फेब्रुवारीत ईगल्सचा पहिला सुपर बोल वेंट्झ जायबंदी असताना निक फोल्स या राखीव गड्यानंच मिळवून दिला होता. म्हणजे राखीव क्वार्टरबॅकचं मोल या शहराला कोणी शिकवायची गरज नव्हती. २०२१मध्ये वेंट्झला इंडियानापोलिसला पाठवलं गेलं, मागं ३ कोटी ३८ लाखांचा 'डेड मनी' ठेवून, तेव्हाचा विक्रम. महाव्यवस्थापक हाउवी रोझमन यांना काढून टाका, असं तेव्हा म्हणणाऱ्यांची शहरात वाण नव्हती.

याच रोझमन यांनी २०२४च्या मार्चमध्ये सॅक्वॉन बार्कलीला करारबद्ध केलं. त्याला सोडणारा संघ न्यूयॉर्क जायंट्स, त्याचे सहमालक टिम मारांचे नातू जॉन मारा. बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर झोप लागणं कठीण जाईल, असं ते कॅमेऱ्यासमोर बोलून गेले होते. बार्कली त्या मोसमात २००५ यार्ड धावला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं लोळवलं आणि सामनावीर ठरला जेलन हर्ट्स.

रेगरला ईगल्सनी २०२२च्या ऑगस्टमध्येच देऊन टाकलं होतं. कोणाला, तर मिनेसोटाला, जेफरसनच्याच संघाला. २०२०च्या ड्राफ्टचा विषय आजही निघतो तेव्हा हर्ट्सच्या निवडीच्या दिवशी आपण काय बोललो होतो ते शहरात फारसं कोणाला आठवत नाही. जेफरसनचं नाव मात्र पहिल्या वाक्यात येतं.