समोरासमोरच्या धडकेत मृत्यू: भरपाईचा दावा नेमका कुठे अडतो

समोरासमोर धडक झाली की गुन्हा अनेकदा एकाच चालकावर दाखल होतो, आणि तो जागीच गेला असेल तर त्याची बाजू सांगायला कोणी उरत नाही. मग घरच्यांना 'चूक तुमच्याच माणसाची' म्हणून परत पाठवतात. एफआयआर म्हणजे निकाल नव्हे. कोणाची चूक किती टक्के हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. त्यामुळे घटनास्थळ पंचनाम्याची प्रत लगेच मागा आणि त्यात रस्त्याची रुंदी, टायरच्या खुणा, काचा कुठल्या बाजूला पडल्या हे नीट वाचा. वाहनं हलवण्याआधीचे फोटो कोणाकडे असतील तर तेही मिळवा.

दोघांची चूक निघाली तर मृत चालकाच्या वाट्याची टक्केवारी भरपाईतून वजा होते. पूर्ण चूक त्याचीच ठरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, म्हणजे चूक सिद्ध करून भरपाई मागायच्या मार्गाने, वारसांना काही मिळत नाही. तो स्वतःच गाडीमालक असेल तर पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण तपासा. पगारी चालक असेल तर मालकाकडून कर्मचारी भरपाई मागायचा मार्ग आहे; ती आता सामाजिक सुरक्षा संहितेखाली येते.

गाडीत बसलेल्या माणसाचं तसं नाही. तो कोणत्याही एका वाहनाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. तरीही अर्जात दोन्ही वाहनांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या घालाच. खासगी गाडीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असली तर आत बसलेल्यांचा विमा त्यात नसतो, आणि समोरच्या गाडीला पक्षकार केलं नसेल तर विमा कंपनीकडून पैसे मिळायचा रस्ताच बंद होतो.

मुदत सहा महिने, आणि ती अपघाताच्या तारखेपासून. जखमी चार महिने रुग्णालयात राहून गेला तरी तारीख बदलत नाही. दोषारोपपत्राची वाट पाहू नका. पोलिसांनी न्यायाधिकरणाला ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल द्यायचा असतो. तो गेला का, हे मात्र तुम्हालाच विचारत राहावं लागतं. दावा अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही करता येतो.

कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख मिळतात. पण विमा कंपनीशी तडजोडीत ते स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो. कमावता माणूस तिशीत गेला असेल तर रक्कम कितीतरी मोठी होऊ शकते. सही करण्याआधी हिशेब करा.

एफआयआर, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आरसी, विमा, परवाना ही कागदपत्रं पोलिसांकडून मिळतात. अडतं ते वय आणि उत्पन्नापाशी. वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणून भरपाई काढतात: २६ ते ३० वयाला गुणक १७, ३१ ते ३५ ला १६. एका वर्षाने रक्कम बदलते. आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय. शाळा सोडल्याचा दाखला काढा. पगारपत्रक नसेल तर बँक पासबुक, सातबारा, दूध डेअरीची बिलं, काहीही लेखी चालतं.

वारस प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात महिने घालवू नका. नातं दाखवायला रेशनकार्ड किंवा तहसीलचा दाखला जोडा. पत्नीने अर्ज करताना सासूचं नाव गाळणं मात्र महागात पडतं. सगळे वारस अर्जदार नसतील तर उरलेल्यांना प्रतिवादी करावंच लागतं.

धडक रेल्वेगाड्यांची असेल तर हे काहीच लागू नाही. तिथे रेल्वे दावा न्यायाधिकरण, मुदत एक वर्ष, मृत्यूसाठी ८ लाख, आणि चूक कोणाची हा प्रश्नच नाही. तिकीट सापडलं नाही तरी दावा मरत नाही: प्रवासाची हकीकत शपथपत्रावर द्या, मग खोडून काढायचं काम रेल्वेचं. अपघातानंतर जाहीर झालेली तातडीची मदत म्हणजे ही भरपाई नव्हे. ती मिळाली म्हणून अर्ज करायचा राहू देऊ नका.