शीतपेयांवरचा कर फक्त तिजोरी भरतो?

गोड शीतपेयांवर सरकारनं कर लावला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "लोक प्यायचे ते पिणारच, नुसती सरकारची तिजोरी भरणार." वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे.

ब्रिटनचंच पाहा. तिथं २०१६ मध्ये घोषणा झाली आणि एप्रिल २०१८ पासून कर लागू झाला. तो ग्राहकाकडून नव्हे, तर उत्पादक आणि आयातदारांकडून घ्यायचा होता, तोही साखर मोजून. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही; ५ ते ८ ग्रॅमला लिटरमागे १८ पेन्स; त्यापुढे २४ पेन्स, असे सुरुवातीचे दर होते. खरी मेख या टप्प्यांत होती. कर चुकवायचा सरळ मार्ग एकच, साखर कमी करणं. अनेक कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच ती घटवली. त्यामुळे ज्यानं आपली सवय तसूभरही बदलली नाही, त्याच्याही पोटात कमी साखर जाऊ लागली. माझ्या मते हेच या कराचं सर्वांत मोठं यश.

मेक्सिकोनं २०१४ मध्ये लिटरमागे १ पेसो कर लावला. तिथं तर खरेदीच घटली, आणि गरीब घरांत सर्वाधिक.

एकट्या करानं लठ्ठपणा हटत नाही, हे मान्यच. तरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात १०-११ वर्षांच्या मुलींमधलं लठ्ठपणाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी आढळलं. मुलग्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही.