झटका (फिट, आकडी) आल्यावर मूल जीभ गिळतं का?

"लहान मुलाला झटका आला की दातांमध्ये चमचा घाला, नाहीतर ते जीभ गिळेल." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण जीभ गिळली जात नाही.

आरशासमोर उभं राहून जीभ टाळूकडे उचला. खाली एक पातळ पडदा दिसेल. जीभ तिथे आणि मुळाशी तोंडाच्या तळाला घट्ट जोडलेली असते. झटक्यात ती चावली जाऊ शकते, पण ती जखम बहुधा भरून येते. चमच्याने मात्र दात तुटू शकतो आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. खरी भीती ती आहे.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात झटक्याचं नेहमीचं कारण म्हणजे ताप. असे बहुतेक झटके पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात, आणि त्यातल्या बहुतेक मुलांना पुढे अपस्मार (वारंवार झटके येण्याचा आजार) होत नाही.

मग करायचं काय? मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, उलटी बाहेर पडेल. गळ्याजवळचं बटण सैल करा. हातपाय दाबून धरू नका, पाणी किंवा औषध पाजू नका. आणि घड्याळ बघा! त्या वेळी एक मिनिटही तासासारखं वाटतं. पाच मिनिटं उलटली, झटका लगेच पुन्हा आला किंवा श्वास नीट चालत नसेल तर तातडीने रुग्णवाहिका बोलवा. पहिलाच झटका असेल तर तो थांबल्यावरही मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; मेंदूज्वर नाही ना, हे तेच तपासून सांगू शकतात.