डोळा लाल न करणारा दाह

1964 साली पॉवेल आणि फील्ड या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटं निरीक्षण छापलं. मधुमेहाच्या जोडीला संधिवात असलेले, आणि त्यासाठी ॲस्पिरिनच्या कुळातली औषधं घेणारे रुग्ण त्यांनी पाहिले होते. या रुग्णांमध्ये डोळ्याच्या पडद्याची खराबी अपेक्षेपेक्षा कमी आढळत होती. वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या खराब करते आणि त्यामुळे नजर जाते, ही ढोबळ समजूत धरली तर दाह कमी करणाऱ्या गोळीचा इथे संबंधच काय?

दाह म्हटलं की लाली, सूज, ठणका डोळ्यांसमोर येतो. मधुमेहामुळे होणाऱ्या पडद्याच्या या खराबीत, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथीत, यातलं काहीही जाणवत नाही. डोळा बाहेरून स्वच्छ असतो आणि आतल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, वेदना कळवणारे मज्जातंतूच नसतात. त्यामुळे आत वर्षानुवर्षं काय चाललंय याचा पत्ता लागत नाही.

आत घडतं ते असं. साखर दीर्घकाळ चढी राहिली की केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी त्रासतात आणि आपल्या पृष्ठभागावर आयकॅम-1 नावाचं चिकट प्रथिन जास्त प्रमाणात आणतात. रक्तातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला अडकतात. मुळात पांढरी पेशी केशवाहिनीच्या पोकळीपेक्षा मोठी असते. एरवी ती अंग चोरून, लांबट होऊन पुढे सरकते. चिकटली की रस्ता बंद. पलीकडच्या भागाला प्राणवायू कमी पडतो आणि तिथून व्हीईजीएफ हे प्रथिन सुटतं. त्याने रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पुढे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात. वर व्हीईजीएफमुळे आयकॅम-1 आणखी वाढतं, म्हणजे आणखी पांढऱ्या पेशी अडकणार. हे चक्र एकदा फिरू लागलं की ते स्वतःच स्वतःला रेटत राहतं.

उंदरांवरचा 2004 मधला एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत पटणारा वाटतो. ज्या उंदरांत आयकॅम-1 तयारच होत नव्हतं, त्यांना मधुमेह होऊन 11 आणि 15 महिने उलटल्यावरही पडद्यातल्या वाहिन्यांना चिकटलेल्या पांढऱ्या पेशी कमी होत्या आणि वाहिन्यांची हानीही कमी होती. साखर मात्र त्यांचीही चढलेलीच होती.

पांढऱ्या पेशी बाहेरून येतात, पण पडद्याचे स्वतःचे रखवालदारही आहेत. मायक्रोग्लिया हे त्यांचं नाव. मधुमेहात त्या खवळतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. शस्त्रक्रियेत डोळ्यातून काढलेल्या जेलीसारख्या द्रवातही आयएल-6, आयएल-8 यांसारखी रसायनं वाढलेली सापडतात. त्यांच्यामुळे वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींमधले घट्ट सांधे सैल होतात, पाणी पाझरतं आणि ते मॅक्युला या मधल्या, सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या भागात साचलं की अक्षरं पुसट होतात.

मग ॲस्पिरिन द्यावं की! ईटीडीआरएस या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत 3711 रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्या लोकांना रोज 650 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं गेलं. 1991 मध्ये निकाल छापून आला: रेटिनोपॅथीची वाटचाल जराही मंदावली नव्हती. (डोळ्यात रक्तस्रावही वाढला नव्हता, ही हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांना दिलासा देणारी गोष्ट.) पण या रुग्णांचा पडदा आधीच बिघडलेला होता, आणि ॲस्पिरिन दाहाच्या अनेक वाटांपैकी मुख्यतः एकच अडवतं. नेपाफिनॅक या दाहविरोधी थेंबांनीही मॅक्युलाच्या सुजेवर पुढे निराशाच केली.

स्टेरॉइड मात्र अनेक वाटा एकदम अडवतं, आणि तिथे फरक दिसतो. व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शनं हाच आज मॅक्युलाच्या सुजेवरचा पहिला उपाय आहे. तरी काही डोळ्यांत ती पुरेशी उतरत नाही. अशा वेळी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची बारीक कांडी डोळ्यात सोडतात. ती काही महिने विरघळत औषध देत राहते. किंमत अशी की मोतीबिंदू लवकर पिकतो आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचा धोका येतो. म्हणूनच मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालेल्या डोळ्यात डॉक्टर तिचा विचार जरा मोकळेपणाने करतात.

यातून साखरेला माफी मिळाली असं कुणी समजू नये. 1993 च्या डीसीसीटी चाचणीत टाइप 1 मधुमेहाच्या ज्या रुग्णांचा पडदा तोवर ठीक होता, त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्याने रेटिनोपॅथी होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला होता. एवढी मजल कोणत्याही दाहविरोधी औषधाने मारलेली नाही.

सध्या माझं लक्ष फेनोफायब्रेटकडे आहे. रक्तातली चरबी कमी करण्यासाठीची ही जुनी गोळी. स्कॉटलंडमधल्या ‘लेन्स’ नावाच्या चाचणीत, ज्यांच्या पडद्यात सुरुवातीचे बदल दिसत होते अशा 1151 जणांपैकी निम्म्यांना ती दिली गेली. 2024 मध्ये निकाल आला: विकार पुढे सरकण्याचा धोका 27 टक्क्यांनी कमी. याच गोळीच्या ‘फील्ड’ नावाच्या आधीच्या चाचणीत (सुरुवातीच्या संशोधक फील्ड यांच्याशी या नावाचा संबंध नाही) डोळ्यांना झालेल्या फायद्याचा रक्तातल्या चरबीच्या पातळीशी मेळ बसला नव्हता, त्यामुळे दाह कमी करण्याच्या तिच्या गुणाकडे अनेकांचं बोट आहे. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि मधुमेहात मूत्रपिंडंही अनेकदा दुबळी झालेली असतात. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा घटक, तपासून घ्यावं लागतं.