टोपाखालचा अर्धा तास

इंदूरला राजेंद्रनगरात मामीचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत होतं. आधी तिथे आजोबांचा दिवाण असायचा. दिवाण मागे गेला आणि त्याच्या जागी मोठा आरसा, फिरती खुर्ची आणि चाकांच्या स्टॅन्डवरचा ड्रायर आला. आम्हा भाच्यांना पुढच्या खोलीत मज्जाव, त्यामुळे पडद्याच्या फटीतून काय दिसेल तेवढंच. दिसायचा तो फिकट निळा टोप, पुढे धुरकट प्लॅस्टिकची झडप आणि खाली डोळे मिटून बसलेल्या कुणीतरी काकू. मामी त्याला 'स्टॅन्डवाला' म्हणायची, गिऱ्हाइकं मात्र सरळ 'टोप' म्हणत. टोपाखाली बसलेल्या बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती ओरडून बोलते. कुणाच्या मुलीची पत्रिका कुठे अडली हे आमच्या आळीला त्या खिडकीतूनच कळायचं.

हातात मावणारा ड्रायर बाजारात मिळत असताना एवढं धूड कशाला, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. त्याचं उत्तर यंत्रात शोधून सापडत नाही, ते केसात आहे.

केस ओला झाला की फुगतो. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी तो आत घेऊ शकतो. केस ज्या प्रथिनाचा बनलेला असतो त्या केरॅटिनचे धागे एकमेकांना ज्या बारीक हायड्रोजन बंधांनी धरून असतात, ते बंध पाण्याने सुटतात. अशा वेळी केस रोलरवर गुंडाळून तसाच वाळू दिला, तर वाळताना बंध नव्या जागी जुळतात आणि केस रोलरचा आकार धरून बसतो. पार्लरच्या भाषेत 'सेट होतो'. पुन्हा पाणी लागलं, किंवा श्रावणातली दमट हवा लागली, की सगळं मूळ पदावर.

या सेटिंगची अट एकच, पण कडक: केस गुंडाळीतच वाळले पाहिजेत, आतपर्यंत वाळले पाहिजेत, आणि डोक्यावरचे वीस-बावीस रोलर एकदमच वाळले पाहिजेत. हातातल्या ड्रायरचा झोत एका जागी लागतो. इकडचा रोलर भाजतो, तिकडचा ओलाच राहतो, आणि जोराच्या वाऱ्याने बटा सुटतात त्या वेगळ्याच. म्हणून मंद वारा, सगळ्या बाजूंनी, स्थिर डोक्यावर. टोपाची बनावट ती एवढी. बाकीचं सगळं मागून जोडलेलं आहे.

वेळ इतका का लागतो, त्याचा हिशेब मी एकदा वहीत मांडला होता. लांब केसांत टॉवेलने टिपल्यावरही १०० ग्रॅम पाणी उरलं असं धरू. त्याची वाफ करायला साधारण २४० किलोज्यूल उष्णता लागते. ड्रायर १००० वॉटचा असेल आणि त्याची सगळी उष्णता पाण्यालाच मिळत असेल, तर चार मिनिटांत काम झालं पाहिजे. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास जातो. बहुतेक गरम हवा केसांना नुसतं विचारून मानेजवळून बाहेर पडते, आणि टाळूला सोसावं म्हणून तिला साधारण ५०-६० अंशांच्या फार वर नेताही येत नाही.

खरं तर झाकणाखाली ऊब कोंडून केस वाळवणं आपल्याकडे नवं नव्हतं. बाळंतीण न्हाली की शेगडीतल्या निखाऱ्यांवर धूप-ओवा टाकायचा, वर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर केस पसरायचे. आमच्या घरात पणजीपर्यंत ही धुरी होती. टोपलीऐवजी डोक्यावर टोप आणि शेगडीपासून टोपापर्यंत एक नळी, एवढी कल्पना पुढे न्या, की १८८८ सालच्या आलेक्सांद्र गोदफ्रुआपाशी पोचता. या फ्रेंच केशभूषाकाराने गॅसच्या शेगडीच्या धुराड्याला नळी लावून तिच्या दुसऱ्या टोकाला टोप बसवला आणि गिऱ्हाइकाला त्याखाली बसवलं. ड्रायरच्या इतिहासात पहिला मान त्यालाच मिळतो. गंमत अशी, की पहिला ड्रायर टोपवालाच आहे, हातातला नंतर आला.

गोदफ्रुआच्या टोपाला पंखा नव्हता आणि वीजही नव्हती. वीज आल्यावरही एक अडचण होतीच. तारेतून प्रवाह सोडला की ती तापते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण लाल होईपर्यंत तापूनही टिकेल अशी स्वस्त तार नव्हती. लोखंड हवेत जळून जायचं, आणि प्लॅटिनम कुणाला परवडणार! १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्शने निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. नायक्रोमची तार तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय धरते, आणि ती सायच तारेला पुढे जळू देत नाही. टोस्टर, शेगडी, गिझर, ड्रायर ही सगळी त्या तारेची लेकरं. ड्रायरचा इतिहास सांगताना सगळे टोपाच्या आकारावर बोलतात. माझ्या मते अर्धं श्रेय या तारेचं आहे.

याच सुमाराला बर्लिनच्या सानिटास कंपनीने विजेच्या ड्रायरला 'फ्योन' हे नाव दिलं. आल्प्सवरून उतरणारा गरम कोरडा वारा, त्याचं हे नाव. जर्मनीत आजही कुठल्याही ड्रायरला फ्योनच म्हणतात. मेमध्ये इंदूरच्या गच्चीवर दुपारी केस सोडून उभं राहा, पाच मिनिटांत वाळतात. इथे कुणी ड्रायर काढला असता तर त्याचं नाव 'लू' पडलं असतं.

अमेरिकेत तोवर बायका व्हॅक्यूम क्लीनरच्या मागून बाहेर पडणाऱ्या गरम हवेला नळी लावून केस वाळवत होत्या. १९११ मध्ये गेब्रिएल कझांजियनने तिथे ड्रायरचं पेटंट घेतलं. १९२० च्या दशकात हातातले ड्रायर विकायला आले. अॅल्युमिनियम-पोलादाचे, वजन किलोभर, ताकद जेमतेम १०० वॉट. आज सहज २००० वॉटचे मिळतात. तेव्हाचा धरून धरून हात भरून यायचा आणि केस काही वाळायचे नाहीत. अशा वेळी पार्लरवाल्यांनी वजन स्टॅन्डवर टाकलं, यात नवल नाही.

पण डोक्याभोवती यंत्र घेऊन तासभर बसायला बायका तयार कशा झाल्या? त्यांची तयारी एका वेगळ्याच यंत्राने करून घेतली होती. कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशभूषाकाराने १९०५-०६ मध्ये लंडनमध्ये 'पर्मनंट वेव्ह' दाखवली. केसांच्या बटा पितळी कांड्यांवर गुंडाळायच्या आणि कांड्या तापवायच्या. एकेक कांडी जवळजवळ ९०० ग्रॅमची, अशा बारा. तो भार डोक्याला लागू नये म्हणून कांड्या वरून वजनं लावून टांगलेल्या. एका बैठकीला सहा तास. पहिले दोन प्रयोग त्याने बायकोच्या डोक्यावर केले, त्यात तिचे केस जळाले आणि टाळूही भाजली. तिने तिसऱ्यांदा डोकं पुढे केलं, यावर माझी मामी म्हणाली होती, "त्या काळी नाही म्हणायची सोय कुठे होती!"

दुसरं कारण १९२० च्या दशकातला बॉब कट. लांब केस घरी विंचरून अंबाडा घालता येत होते, त्याला बाहेरच्या हाताची गरज नव्हती. केस कापले आणि दर आठवड्याला सलूनची पायरी चढणं आलं. कमी केसांनी जास्त धंदा दिला.

त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत टोपाची ठेवण बदलली. सुरुवातीला मोटर आणि कॉइल (तापणाऱ्या तारेची गुंडाळी) खाली पेटीत असायची, गरम हवा नळीतून टोपात यायची आणि वाटेतच निवायची. पुढे पंखा आणि कॉइल दोन्ही टोपाच्या माथ्यावर चढले. वाट वाचली, पण वजन वर गेल्यामुळे स्टॅन्डचा पाया रुंद आणि जड करावा लागला. टोपाच्या आत भोकं पाडलेलं दुसरं कवच आलं. हवा दोन कवचांच्या मधल्या पोकळीत पसरते आणि भोकांतून चहूबाजूंनी केसांवर उतरते. टोप बाहेरून क्रोमने चमकवलेले, गोलाईदार, त्या काळच्या मोटारगाड्यांच्या नाकासारखे.

क्रोम, नळ्या, काच, गोल कडा ही भाषा नेमकी त्याच वर्षांत इंदुरात येऊन पोचली होती, तीही थेट बर्लिनहून. यशवंतराव होळकरांनी (दुसरे) एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, १९३० ते ३३ या काळात. वातानुकूलन, धातूच्या खिडक्या, आयलीन ग्रे आणि रूलमान या त्या काळच्या नामवंत डिझायनरांची खुर्ची नि फर्निचर. राजवाडा म्हटल्यावर जी झुंबरं आणि नक्षी डोळ्यांपुढे येते, तिचा तिथे मागमूस नाही. पुढे त्या वास्तूत केंद्रीय अबकारी खात्याचं कार्यालय आलं आणि फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात गेलं. माणिकबागेचे जुने फोटो बघताना मला दर वेळी वाटतं, या खोल्यांत पार्लरचा टोप उभा केला तर तो परका वाटणार नाही. हौसेची वस्तू आणि धंद्याचं यंत्र यांचं रूप एक होण्याचे ते दिवस होते.

मामीचा टोप त्या घराण्याचा गरीब वारस. क्रोमच्या जागी प्लॅस्टिक. जुनाच घेतलेला, आणि विकणाऱ्याने 'वर्षभर काही बघायला नको' असं सांगितलेला. तिसऱ्या महिन्यात तो गुरगुरायला लागला. मी तेव्हा कॉलेजात होतो. स्टॅन्डवरून टोप उतरवून स्कूटरवर पुढ्यात घेतला आणि महाराणी रोडला गेलो. सिग्नलला लोक वळून बघत होते.

मेकॅनिकने चार स्क्रू काढून वरचं झाकण उचललं. आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यांची एक चक्री, तिच्या खाचांतून स्प्रिंगसारखी गुंडाळलेली नायक्रोमची तार, आणि तारेवर वर्षानुवर्षांची धूळ नि केस जळून चिकटलेले. तो वास लगेच ओळखू आला. पार्लरचा म्हणून जो वास आम्हाला घरभर यायचा, तो हाच. कॉइलशेजारी दोन धातूंची जोडपट्टी होती. जास्त तापली की ती वाकते आणि प्रवाह तोडते, निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. अर्ध्या तासात चारदा ऐकू येणारा 'टक्' तो तिचा. मेकॅनिकने बोटाने पाती फिरवून पाहिली. "भिया, कॉइल चकाचक है, बुश घिस गया," म्हणाला. हातातल्या ड्रायरची मोटर लहान आणि भन्नाट फिरणारी, म्हणून किंचाळते. टोपातली मोटर पंख्याच्या जातीची, संथ आणि टिकाऊ. मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी म्हणजे बुश. तो बदलला, तेलाचे दोन थेंब दिले, आणि ती पुन्हा नुसती घुमायला लागली.

अभ्रकाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. उष्णता सोसतं आणि वीज अडवतं, असं ते खनिज. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला त्याचा मोठा पुरवठा भारतातून, कोडरमा-गिरिडीहच्या खाणींतून व्हायचा. बर्लिन किंवा शिकागोच्या टोपात तेव्हाच्या बिहारचा तुकडा असण्याची शक्यता बरीच होती.

टोपाच्या वैभवाचा काळ १९५०-६० चा. १९५१ मध्ये अमेरिकेत घरगुती 'बॉनेट' ड्रायर आला: पेटीत मोटर, तिला नळी, नळीच्या टोकाला भोकांची मऊ टोपी. हवा भरली की टोपी फुगते. १९६० मध्ये शिकागोच्या मार्गारेट विंची हेल्ट यांनी 'बीहाइव्ह' ही मधमाश्यांच्या पोळ्यासारखी केशरचना केली, आणि असे उंच केस सेट करायला टोपाशिवाय गत्यंतर नव्हतं. टोपही फुगले, कारण रोलरसकट डोकं आत मावायला हवं. पारदर्शक झडपेमुळे, अख्खा टोप न उचलता केस चाचपता येऊ लागले. कान भाजू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या वाट्या, रोलरांवर जाळी, बाजूला टायमरची चकती.

आणि उतरणही तिथेच सुरू झाली. १९६२ मध्ये लंडनच्या मेफेअरमधल्या केशभूषाकार रोझ एव्हान्स्की यांनी एका न्हाव्याला पुरुषाचे केस ब्रशने ओढत हातातल्या ड्रायरने वाळवताना पाहिलं, आणि तेच एका गिऱ्हाइकाच्या केसांवर करून बघितलं. रोलर नाहीत, टोप नाही. ब्लो-ड्राय तो हाच. त्याच दशकात लंडनच्याच व्हिडाल ससून या केशभूषाकाराने कापण्यातूनच आकार येईल असे कट आणले. केस सेटच करायचे नाहीत म्हटल्यावर टोपाचं काम काय उरलं? वरून १९७९ मध्ये अमेरिकेत ड्रायरच्या आतल्या ॲस्बेस्टॉसच्या अस्तराचा बोभाटा झाला. त्याचे तंतू गरम हवेबरोबर नाकात जातात म्हणून कंपन्यांना असे ड्रायर परत घ्यावे लागले. न्हाणीघरात ड्रायर पाण्यात पडून माणसं दगावण्याचा प्रश्न मात्र हातातल्यांचा. जमिनीवर चार चाकांवर उभा असलेला टोप टबात पडत नाही.

आपल्याकडे तो टिकला तो लग्नांमुळे. नवरीच्या बटा आजही रोलरवर बसतात. रंग लावल्यावर ऊब द्यायलाही टोप लागतो. आता पार्लरांत त्याचा सख्खा भाऊ आला आहे: तसाच स्टॅन्ड, तसाच टोप, तशीच झडप, फक्त कॉइलच्या जागी पाण्याचं भांडं. हेअर स्पाचा स्टीमर. दोघे एका भिंतीला उभे असतात आणि अंधुक उजेडात कोण कुठला ते कळत नाही. मामीच्या हाताखालची नवी मुलगी त्यामुळे प्रत्येकीला आधी विचारून घेते, "ताई, वाळवायचंय की वाफ घ्यायचीय?"