स्ट्रीमर दुरुस्तीला आणण्याआधी हे वाचा

(आमच्याकडून स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरचं गाणं अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचवणारा डबा, किंवा वाय-फायचा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या ग्राहकांसाठी)

"आवाजात मजा नाही. डॅक बदलून द्या." हे वाक्य दुकानात सारखं ऐकू येतं. (डॅक म्हणजे डब्यातला आकड्यांतल्या गाण्याचा वाजवता येणारा आवाज करणारा भाग.) पिशवीतून डबा निघतो, आम्ही तो काउंटरमागच्या स्पीकरना जोडतो, एखादा ख्याल लावतो आणि आवाज चांगला येतो. "इथे बरा वाटतोय," असं म्हणत ग्राहक डबा घेऊन जातात आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन येतो. दोघांचाही वेळ गेला, वर रिक्षाभाडं वेगळंच. अशा तक्रारींमध्ये डबा खराब असणं विरळा. बहुतेक वेळा फोनपासून डब्यापर्यंत गाणं भलत्याच वाटेने जात असतं.

म्हणून आधी एक परीक्षा करा. गाणं चालू असताना फोनचं ब्लूटूथ बंद करा. गाणं थांबलं, तर तुम्ही स्ट्रीमर घेऊनही तो वापरतच नाही आहात. डबा फक्त ब्लूटूथ स्पीकरचं काम करतो आहे, आणि त्या कामाला त्याच्या निम्म्या किमतीची वस्तूही चालली असती. दुसरी खूण म्हणजे फॅमिली ग्रुपवर आलेला व्हिडिओ उघडला की त्याचा आवाज हॉलभर घुमतो. वाय-फायवरून अ‍ॅपने थेट डब्यावर लावलेल्या गाण्यात असं होत नाही. व्हिडिओ फोनवर वाजतो आणि गाणं आपलं चालू राहतं.

ब्लूटूथवर नेमकं काय होतं

सीडीवरचं संगीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती. ब्लूटूथच्या मूळ एसबीसी पद्धतीत नेहमीच्या चांगल्या दर्जालासुद्धा ३२८ किलोबिटच्या आसपास माहिती जाते. आयफोन एएसी नावाची पद्धत वापरतो, तिथेही साधारण २५६. शिवाय अ‍ॅपकडून आलेलं गाणं बहुधा आधीच दाबलेलं, म्हणजे माहिती कमी करून लहान केलेलं, असतं. फोन ते उलगडतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा दाबतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर बारीक अक्षरं जशी जातात, तसं आवाजातलं बारीक काम जातं. गाणाऱ्याचा आवाज फारसा बिघडत नाही, म्हणून पटकन लक्षात येत नाही. तंबोऱ्याची जवारी ऐका, ती गुळगुळीत होते. अभंगातले टाळ ऐका, खणखणीत वाजण्याऐवजी नुसते 'श्शी श्शी' करतात. आमच्याकडे डबा तपासताना आम्ही टाळांचंच रेकॉर्डिंग लावतो, कारण लबाडी तिथे लपत नाही.

"माझ्या फोनला एलडॅक आहे" असं काही जण सांगतात. ही ब्लूटूथचीच जास्त माहिती नेणारी पद्धत, डॅकशी तिचा संबंध नाही. चांगलं आहे, ते ९९० किलोबिटपर्यंत जातं. पण ते डब्यालाही असावं लागतं, आयफोनला ते नाही, आणि फोन खिशात घालून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की दर ६६० वर किंवा ३३० वर उतरू शकतो. शिवाय फोनमधली डॉल्बी, इक्वलायझर वगैरे करामत ब्लूटूथच्या आवाजात मिसळते ती वेगळीच. फोनचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा चढवलेला असेल तर मागे सूं सूं येतं. ती तक्रारही आमच्याकडे 'अ‍ॅम्प्लिफायर खराब' म्हणूनच येते.

ब्लूटूथला आमचा विरोध नाही. ओट्यावरच्या लहान स्पीकरला ते उत्तम. पाहुण्याने पटकन एखादं गाणं लावायलाही ठीक. पण हॉलमधल्या स्पीकरच्या जोडीवर मन लावून ऐकायला बसायचं असेल तर नको.

वाय-फायवर काय वेगळं होतं

स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गूगल कास्ट वापरलं की फोन फक्त रिमोट असतो. कुठलं गाणं हवं ते तो डब्याला सांगतो, आणि डबा ते राउटरमार्फत स्वतः इंटरनेटवरून आणतो. नंतर फोन बंद केलात तरी गाणं चालू राहतं. एअरप्लेमध्ये गाणं फोनमधूनच पुढे जातं, पण वाय-फायवरून जातं, त्यामुळे ब्लूटूथपेक्षा कधीही बरं.

आता खरी मेख. डबा घरी लावताना आम्ही वाय-फायवर जोडून देतो. तरी तो ब्लूटूथवर जातो कसा? बहुतेक घरांत असं होतं की एक दिवस इंटरनेटवाला येतो, राउटर बदलतो, नेटवर्कला नवं नाव आणि नवा पासवर्ड देऊन जातो. घरातले सगळे फोन त्याच संध्याकाळी जोडले जातात. डब्याची आठवण कुणालाच राहत नाही. तो बिचारा जुनंच नाव शोधत बसतो. अ‍ॅपच्या यादीत तो दिसेनासा होतो, आणि तुम्ही 'तात्पुरतं' म्हणून ब्लूटूथ लावता. ते तात्पुरतं दिवाळीपर्यंत टिकतं.

यावर सगळ्यात सोपा उपाय इंटरनेटवाला घरात असतानाच करायचा. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला सांगा, स्पेलिंगसकट, कॅपिटल-स्मॉलसकट. मग सहसा डब्याला हात लावावा लागत नाही. तो मुलगा गेला असेल तर डब्याच्या अ‍ॅपमधून पुन्हा जोडणी करा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

तरीही यादीत नाव येत नसेल तर फोन त्याच वाय-फायवर आहे ना ते बघा. अनेकदा फोन मोबाइल डेटावर असतो, किंवा बेडरूममधल्या एक्स्टेंडरच्या वेगळ्या नावावर, किंवा 'गेस्ट'वर. गेस्ट नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना सहसा दिसत नाहीत, ती सोय मुद्दामच केलेली असते. काही स्वस्त डबे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. एकाच डब्याचं नाव दोन ठिकाणी दिसतं, फोनच्या ब्लूटूथ यादीत आणि अ‍ॅपच्या उपकरणांच्या यादीत. दोन्हीकडे 'हॉल'. फोन जवळ आला की ब्लूटूथ आपणहून जुळतं आणि तुम्हाला वाटतं वाय-फायवर चाललंय. म्हणून फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन डब्याचं नाव 'फर्गेट' करा. घरातल्या प्रत्येक फोनवर करा, मुलांच्यासुद्धा. आमच्या जोडणीच्या वेळी आम्ही अ‍ॅपच्या यादीतलं डब्याचं नाव 'हॉल वायफाय' असं वेगळं ठेवून देतो, ते कृपया बदलू नका.

राउटर हॉलमध्येच असेल तर सरळ लॅन केबल लावा. साधी कॅट ५ई केबल पुरते, ती १०० मीटरपर्यंत काम करते आणि तुमचा हॉल तेवढा नसावा. हजारो रुपयांची 'ऑडिओ' लॅन केबल आम्ही ठेवत नाही. मागितलीत तरी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली साधी केबल घ्या असंच सांगू. लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेल्या, गाण्याला सेकंदाला एखादा मेगाबिट लागतो, २४ बिट १९२ किलोहर्ट्झला सुद्धा दहाच्या आत, तेव्हा इंटरनेटचा प्लॅन वाढवूनही आवाज सुधारणार नाही.

अ‍ॅपमधली सेटिंग

वाट नीट झाली की मगच इथे या. बहुतेक अ‍ॅप दर्जा 'ऑटोमॅटिक'वर ठेवतात. वाय-फायसाठी तो सगळ्यात वरचा करा. अ‍ॅपल म्युझिकमध्ये लॉसलेस २०२१ पासून त्याच पैशात मिळतं, पण सेटिंगमध्ये जाऊन ते आपणच चालू करावं लागतं. ब्लूटूथवर ते लॉसलेस पोहोचत नाही, हे अ‍ॅपलच सांगतं. स्पॉटिफायच्या फुकट खात्यावर १६० किलोबिटच्या वर जाता येत नाही, त्यामुळे चांगले स्पीकर घेऊन फुकट खातं ठेवलं असेल तर आधी खात्याचे पैसे भरा, मग आमच्याकडे या. तिथेच आवाज समान राखण्याच्या सेटिंगमध्ये 'लाउड' निवडलेलं असेल तर 'नॉर्मल' करा. 'लाउड'मध्ये लिमिटर, म्हणजे मोठा आवाज एका मर्यादेवर अडवणारी सोय, लागतो आणि डग्ग्याची घुमक चेपली जाते.

हाय-रेझचं, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगचं, वेड फार नको. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकडीवर जे उतरलंच नाही, ते २४ बिटमध्ये येणार कुठून? खरखर मात्र अगदी तपशीलवार ऐकू येईल. त्यापेक्षा एकाच गाण्याच्या पाच प्रती दिसल्या तर मूळ कंपनीने चढवलेली निवडा. कुणीतरी कॅसेटवरून उतरवून यूट्यूबवर टाकलेली प्रत आमच्या सगळ्यात महाग अ‍ॅम्प्लिफायरवरही कॅसेटसारखीच वाजणार.

डॅकच्या आधी स्पीकर

इथे आमचं आणि काही ग्राहकांचं जमत नाही. डॅक विकून आम्हाला चार पैसे मिळतात, तरी पहिल्या तक्रारीला आम्ही तो विकत नाही. आजच्या बऱ्या स्ट्रीमरमधला डॅक पुष्कळ चांगला असतो. फरक ऐकू येतो तो स्पीकर कुठे ठेवलेत त्यावर. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेल्या स्पीकरमधून कुठलाही डॅक लावा, खर्ज ढबढबीतच येणार. ते बाहेर काढा, भिंतीपासून फूटभर तरी पुढे घ्या, ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा लहान भोंगा) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. टाइल्सच्या फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, एवढ्याने जे होतं ते पाच आकडी रकमेने होत नाही.

रंग देताना वायरी काढल्या असतील तर प्लस-मायनस तपासा. एका स्पीकरची वायर उलटी लागली की गायक मधोमध उभा न राहता कुठेतरी पसरतो आणि डग्गा गायब होतो. रंगारी गेल्यावर येणारे फोन आम्ही याच प्रश्नाने सुरू करतो.

तरीही जमलं नाही तर

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवा. एक डब्याच्या मागच्या बाजूचा, सगळ्या वायरी दिसतील असा. दुसरा अ‍ॅपमधल्या उपकरणांच्या यादीचा स्क्रीनशॉट. बरंचसं काम त्यावरच होतं आणि त्याचे आम्ही काही घेत नाही. घरी येऊन बघायचे पैसे घेतो. त्यात अर्धा दिवस जातो, म्हणून दर काउंटरवर लिहून ठेवला आहे. त्याच भेटीनंतर महिन्याभरात काही खरेदी केलीत तर ती रक्कम बिलातून वजा होते. ऐकून बघायचं असेल तर शनिवारी दुपारी या, दोन जोड्या एकाच गाण्यावर लावून दाखवतो.

डबा आणायचाच असेल तर त्याचा अ‍ॅडाप्टर बरोबर आणा. घरी सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर पिनमध्ये बसतो म्हणून ५ व्होल्टच्या स्ट्रीमरला लावला जातो. मग तो डबा खरोखरच दुरुस्तीला येतो, आणि ते वॉरंटीत बसत नाही.