इलेक्ट्रॉनांचा झोत किती चांगला, हे मोजायचं कसं?

करंट जास्त म्हणजे झोत चांगला, हा हिशेब इथे चालत नाही. तापवलेली टंगस्टनची तार क्षेत्र-उत्सर्जनाच्या सुईपेक्षा पुष्कळ जास्त करंट देते, तरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सरस ठरते ती सुईच. तिचं टोक साधारण १०० नॅनोमीटर त्रिज्येचं असतं. त्यावरच्या प्रचंड विद्युतक्षेत्रामुळे इलेक्ट्रॉन न तापवताच निसटतात आणि जेमतेम काही नॅनोमीटरच्या ठिपक्यातून आल्यासारखे पसरतात. म्हणून मोजायची ती तेजस्विता: करंटला ठिपक्याचं क्षेत्रफळ, घनकोन (झोत ज्या शंकूत पसरतो त्याचा विस्तार) आणि प्रवेगक व्होल्टेज (इलेक्ट्रॉनांना वेग देणारा दाब) या तिन्हींनी भागायचं.

यात व्यास आणि कोन दोन्हींचा वर्ग होतो. दोन्ही १० टक्के जास्त मोजले, तर उत्तर ३२ टक्क्यांनी कमी येतं.

करंट मोजणं त्यातल्या त्यात सोपं. त्यासाठी फॅरेडे कप, म्हणजे बारीक तोंडाचा खोल खड्डा, आणि पिकोॲमीटर, म्हणजे अतिसूक्ष्म करंट मोजणारं यंत्र, लागतो. सपाट धातूवर झोत टाकला तर दुय्यम इलेक्ट्रॉन (झोताच्या धक्क्याने धातूतून निघणारे) उडून जातात आणि आकडा कमी दिसतो. झोत बंद करून गळतीचा करंट आधी नोंदवावा.

व्यासासाठी झोत धारदार कडेवरून सरकवतात. कपातला करंट १२ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर जायला लागलेलं अंतर म्हणजे, झोत गाउसीय (घंटेच्या आकाराचा, मध्ये दाट आणि कडेला विरळ) असेल तर, त्या घंटेची निम्म्या उंचीवरची रुंदी. खरी डोकेदुखी इथेच आहे. कडेचा पातळ भाग इलेक्ट्रॉनांना थोडा पारदर्शक असतो. खोलीतलं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र झोत हलवतं. अशा बऱ्याच ओळींची सरासरी काढली की कड फुगते. प्रत्येक ओळ वीजचक्राच्या एकाच क्षणी सुरू केली तर हा फुगवटा जातो, पण अंतराचं माप थोडं ताणलं जाऊ शकतं.

कोन झोत मर्यादित करणाऱ्या छिद्राच्या छापील मापावरून काढू नये. छिद्रावर कार्बन साचतो. त्याऐवजी धारदार कड झोताच्या दिशेत ठरावीक टप्प्यांनी वर-खाली करावी. झोत जिथे सर्वांत बारीक होतो त्या केंद्रापासून दूर गेल्यावर रुंदी सरळ रेषेत वाढते, आणि त्या रेषेचा उतार म्हणजे झोताच्या अर्धकोनाची दुप्पट.

१० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी १२ पिकोमीटर असते. अर्धकोन १० मिलिरेडियन असेल, तर निव्वळ विवर्तनानेच (तरंग छिद्रातून जाताना पसरण्यानेच) ठिपक्याची त्रिज्या पाऊण नॅनोमीटर होते. हा वाटा आणि भिंगाचे दोष वजा केले नाहीत, तर भिंगाचा दोष सुईच्या माथी बसतो.

थंड सुईवर वायूचे रेणू बसत राहतात, करंट घसरत जातो. तिला क्षणभर तापवून साफ केल्यावर किती वेळाने मोजलं, तेही नोंदवावं, आणि प्रत्येक स्कॅनच्या आधी व नंतर करंट पुन्हा पाहावा.